दारापर्यंतची सोबत : मद्यासक्तांचे स्वमदत गट आणि आपली पाळकीय सेवा

मद्यासक्ताचे घर पाळकाला अपरिचित नसते. उपासना आटोपल्यावर एखादी भगिनी मागे थांबते आणि पतीविषयी हलक्या आवाजात बोलू लागते. एखाद्या वृद्ध पित्याच्या विनंतीवरून प्रचारक संध्याकाळी घरी जातो, वचन वाचतो, प्रार्थना करतो. तो गृहस्थ डोळ्यांत पाणी आणून पवित्र शास्त्रावर हात ठेवतो व यापुढे थेंबालाही शिवणार नाही अशी शपथ वाहतो. ही शपथ लबाडीची नसते. त्या क्षणी ती खरीच असते. परंतु पंधरवडा लोटतो, कधी महिना लोटतो, आणि ती मोडते. मग तो देवापुढे आणि पाळकापुढे दुहेरी अपराधी ठरतो, मंडळीत येण्याचे टाळतो, आणि ज्या घरी साहाय्य पोहोचावे म्हणून आपण गेलो त्याच घराचे दार आपल्याला बंद होते.

प्रार्थना व्यर्थ आहे असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. परंतु एकट्या पाळकाने घेतलेली शपथ हा मद्यासक्तीवरचा पुरेसा उपाय नव्हे, हे आपण मान्य केले पाहिजे. जे स्वतः मद्यासक्तीतून बाहेर पडले आहेत अशा माणसांच्या सभेपर्यंत त्या बांधवाला पोहोचविणे हा पाळकीय सेवेचाच एक भाग आहे. ह्या सभा कोणत्या, त्यांत काय घडते, त्या कशा शोधाव्यात, आणि त्यांविषयी आपल्या मनांत येणाऱ्या शंकांचे समाधान काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषयाची व्याप्ती ध्यानात यावी म्हणून एकच दाखला देतो. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. १० ते ७५ ह्या वयोगटातील ५ कोटी ७० लाखांहून अधिक भारतीयांना मद्याच्या त्रासासाठी साहाय्याची गरज आहे, असा त्यातील अंदाज आहे. मद्यावर पूर्णतः अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. उरलेल्या ३७ जणांपैकी कित्येकांच्या घरी डॉक्टर कधी गेलेला नसेल. पाळक किंवा प्रचारक मात्र गेलेला असू शकेल.

१. आरंभी एका पाळकाचा हात

अशा गटांपैकी जगभर सर्वांत अधिक पसरलेला म्हणजे 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस', अर्थात 'अनामिक मद्यासक्त'. त्यालाच संक्षेपाने 'ए.ए.' म्हणतात. त्याच्या उगमाची हकीकत प्रत्येक धर्मसेवकाने जाणून घ्यावी अशी आहे.

न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराशी संबंधित बिल विल्सन हा गृहस्थ अनेक वर्षे मद्याच्या आहारी गेला होता. डिसेंबर १९३४ मध्ये त्याने मद्य सोडले. पाच महिन्यांनी, मे १९३५ मध्ये, तो व्यवसायानिमित्त ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरी आला असता त्याचे काम फिसकटले. शनिवारची संध्याकाळ, परका गाव, खिशात थोडे पैसे, आणि हॉटेलच्या दिवाणखान्याच्या एका बाजूने मद्यगृहातील हास्यविनोद कानी येत होता. त्याच्या मनाने पुन्हा पेल्याकडे ओढ घेतली. गेल्या काही महिन्यांत त्याने इतर मद्यासक्तांना सुधारण्याचा प्रयत्न केला होता. त्यांपैकी कोणी सुधारला नव्हता. परंतु त्या खटपटीत तो स्वतः मात्र मद्यापासून दूर राहिला होता, ही गोष्ट त्याला त्या क्षणी उमगली. आपल्याला वाचावयाचे असेल तर दुसरा मद्यासक्त शोधला पाहिजे!

हॉटेलात गावातील मंडळ्यांची यादी लावलेली होती. तिच्यातून त्याने एक नाव निवडून दूरध्वनी केला. पलीकडे होते एपिस्कोपल मंडळीचे रेव्ह. वॉल्टर टंक्स. एक अनोळखी मनुष्य आपण मद्यासक्त असल्याचे सांगतो आणि दुसऱ्या मद्यासक्ताशी गाठ घालून द्या म्हणतो, ही विनंती विचित्रच होती. टंक्स यांनी त्याला उपदेश केला नाही, की हसण्यावारीही नेले नाही. त्यांनी सुमारे दहा नावे दिली. ती शोधता शोधता अखेरीस हेन्रिएटा सायबर्लिंग ह्या बाईंशी बिलचा संबंध आला, आणि त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी त्याची व डॉ. रॉबर्ट स्मिथ ह्या शल्यचिकित्सकाची भेट झाली. मी पंधरा मिनिटांवर थांबणार नाही, असे बजावून आलेले डॉक्टर रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. वैद्यकशास्त्र त्यांस ठाऊक होते, धर्मोपदेशही त्यांनी पुष्कळ ऐकला होता. परंतु स्वतःच्या अनुभवातून त्यांच्याच भाषेत बोलणारा मनुष्य त्यांना प्रथमच भेटला होता. मध्यंतरी ते एकदा घसरले. तथापि १० जून १९३५ नंतर १९५० साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी मद्य घेतले नाही. तोच दिवस ए.ए.चा स्थापनादिन मानला जातो.

रेव्ह. टंक्स यांनी बिलला बरे केले नाही. त्यांनी त्याला दुसऱ्या मद्यासक्ताकडे जाणारी वाट दाखविली. आपल्याकडून ह्याच सेवेची अपेक्षा आहे.

२. सभेत काय घडते

भारतात ए.ए.च्या कार्यास १९५७ पासून प्रारंभ झाला. आज तिचे राष्ट्रीय कार्यालय मुंबईत असून देशातील बहुतेक मोठ्या शहरांत गट भरतात. सभा साधारण तास-दीड तासाची असते. शाळेचा वर्ग, मंडळीचे सभागृह, रुग्णालयातील एखादी खोली अशी साधी जागा, वर्तुळाकार मांडलेल्या खुर्च्या, बहुधा चहा. आरंभी एखादा उतारा वाचला जातो. नंतर एकेक सभासद आपले पहिले नाव सांगतो, आपण मद्यासक्त आहोत असे म्हणतो, आणि पूर्वी काय होते, काय घडले व आता कसे चालले आहे हे थोडक्यात निवेदन करतो. मध्येच कोणी प्रश्न विचारीत नाही, सल्ला देत नाही, वाद घालीत नाही. नव्याने आलेल्याने बोललेच पाहिजे असे नाही. त्याने नुसते ऐकले तरी चालते.

प्रवेशाची अट एकच : मद्यपान थांबविण्याची इच्छा. जात, पंथ, पक्ष विचारला जात नाही. नावनोंदणी नाही, शुल्क नाही. अखेरीस एक थाळी फिरते, तीत सभासद यथाशक्ति काही टाकतात. बाहेरच्यांची देणगी गट स्वीकारीत नाही. येथे कोण आला व काय बोलला हे बाहेर सांगावयाचे नाही, हा नियम कसोशीने पाळला जातो. जुना, स्थिरावलेला एक सभासद नवागताचा आधार बनतो. त्याला 'स्पॉन्सर' म्हणतात. रात्री-अपरात्री मनाने ओढ घेतली तर दूरध्वनी करावयाचा तो त्याला.

सभा दोन प्रकारच्या असतात, आणि हा भेद पाळकाने अवश्य ध्यानात ठेवावा. 'खुल्या' सभेस नातलग, डॉक्टर, धर्मसेवक असे कोणीही येऊ शकतात. 'बंद' सभा केवळ मद्यासक्तांसाठी असते. पाळकाने प्रथम खुल्या सभेस स्वतः जावे व मागे बसून ऐकावे. जे आपण पाहिले आहे त्याविषयी आपला शब्द वेगळे वजन धारण करतो.

ह्या साध्या रीतीने खरोखर काही साधते काय? २०२० साली कॉक्रेन ह्या वैद्यकीय परीक्षणसंस्थेने २७ अभ्यासांचा, सुमारे साडेदहा हजार व्यक्तींचा आढावा प्रसिद्ध केला. अखंड निर्व्यसनी राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिच्याकडे नेणारे पद्धतशीर समुपदेशन हे इतर प्रस्थापित उपचारांहून अधिक परिणामकारक आढळले. ह्याचा अर्थ प्रत्येकाला गुण येतो असा नव्हे. पण हा मार्ग केवळ भाबड्या विश्वासाचा नाही एवढे यावरून निश्चित होते.

३. आधी डॉक्टर, मग सभा

शोधाला लागण्यापूर्वी एक इशारा. जो मनुष्य दीर्घकाळ रोज पुष्कळ मद्य घेत आहे त्याला आजच्या आज सारे बंद कर असा आग्रह करणे जिवावर बेतू शकते. एकाएकी मद्य तोडल्यास पहिल्या दोन दिवसांत हातापायांस कंप, घाम, झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, भास व ताप यांनी युक्त अशी गंभीर अवस्था उद्भवू शकते, आणि उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवतो. अशा माणसाला उपासाला बसवू नये, खोलीत कोंडू नये; जिल्हा रुग्णालयातील अथवा अन्य मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. शरीरातील विष उतरविण्याचे काम डॉक्टरांचे. त्यानंतरची दीर्घ वाटचाल सभेच्या सोबतीने करावयाची.

'रुग्णाला न कळत दारू सोडवा' अशा जाहिरातींपासूनही कुटुंबांना सावध करावे. डायसल्फिराम हे औषध पोटात असताना मद्य घेतल्यास तीव्र प्रतिक्रिया होते. ते चोरून जेवणात मिसळणे धोक्याचे आहे, आणि उरलासुरला विश्वासही त्याने संपतो.

४. सभा कशी शोधावी

पहिला मार्ग ए.ए.च्या भारतातील राष्ट्रीय कार्यालयाचा. आपल्या जिल्ह्यात गट कोठे, कोणत्या वारी व कोणत्या भाषेत भरतात याची माहिती तेथून व त्यांच्या संकेतस्थळावरून मिळते. दुसरा मार्ग सरकारी दूरध्वनीचा : व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आहे, मानसिक आरोग्याच्या साहाय्यासाठी १४४१६ हा 'टेलिमानस' सेवेचा क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे. तिसरा मार्ग म्हणजे रुग्णालयांतील मानसोपचार विभाग. गटांचे सभासद तेथे भेटीस येत असल्याने डॉक्टरांना व परिचारिकांना त्यांचा ठावठिकाणा बहुधा माहीत असतो. चौथा मार्ग शेजारच्या मंडळ्यांचा. पंथभेद बाजूस ठेवून कॅथलिक धर्मगुरूंना व इतर पाळकांना विचारावे. अनेक गट चर्चच्या आवारातच भरतात.

व्यसनमुक्ती केंद्रांचीही मदत होते. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण मराठी वाचकांस परिचित आहे. मुंबईत बांद्रा येथे फादर जो परेरा यांनी १९८१ साली स्थापिलेले कृपा फाउंडेशन हे दुसरे उदाहरण. अशा केंद्रांतून घरी परतलेल्या माणसाला गावात सभा नसेल तर तो एकटा पडतो. म्हणून प्रवेश घेतानाच पुढील सभेची चौकशी करावी. येथे एक भेद स्पष्ट असावा : निवासी केंद्र शुल्क आकारू शकते, स्वमदत गट आकारीत नाही. गटाच्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर तो गट ह्या परंपरेतला नव्हे. आणि जेथे मारहाण होते, साखळदंड वापरले जातात, तेथे कोणालाही पाठवू नये, मग त्या केंद्राच्या फलकावर क्रूसाचे चिन्ह का असेना.

आपल्या वाचकांपैकी बहुतेक जण महाराष्ट्राबाहेर सेवा करीत आहेत. त्यांना भाषेची अडचण प्रथम जाणवेल. मद्यासक्ताला आपली लाज दुसऱ्याच्या भाषेत सांगता येत नाही. बेळगावात कन्नड, इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी, गोव्यात कोकणी व इंग्रजी अशा सभा मिळण्याचा संभव अधिक. तेव्हा दोन गोष्टी कराव्यात. स्थानिक भाषेतील सभेस तो बांधव जात असला तरी तेथे मराठी जाणणारा सभासद आहे काय हे आधी विचारावे. तसा एक जरी असला तरी पुरे. शिवाय २०२० च्या साथीपासून दूरदृश्य पद्धतीने भरणाऱ्या सभा पुष्कळ वाढल्या. त्यांतून घरबसल्या मराठी सभेस बसता येते. तथापि प्रत्यक्ष सभेतील हातात हात ह्या मार्गाने मिळत नाही, म्हणून दोन्ही चालू ठेवणे उत्तम.

वडोदऱ्याच्या बंधूंची अडचण निराळी आहे. गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे, आणि परवान्याविना मद्यपान हा गुन्हा आहे. त्यामुळे मदत मागणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, अशी भीती कुटुंबांच्या मनांत असते. अनामिकतेचा नियम येथे विशेष आधार देतो, आणि पाळकानेही त्या गुप्ततेस बाध येईल असे काही करू नये.

एका सभेवरून निष्कर्ष काढू नये. पहिल्या गटात मन रमले नाही तर दुसरा पाहावा. आरंभीच्या ९० दिवसांत ९० सभा, असा सल्ला जुने सभासद देतात. लहान गावी ते शक्य होणार नाही, परंतु महिन्यातून एकदा जाणे पुरत नाही हा त्यातील आशय खरा आहे. मद्यासक्ती पुरुषांपुरतीच आहे असेही समजू नये. स्त्रियांना पुरुषांच्या सभेत बोलणे जड जाते. त्यांच्यासाठी स्वतंत्र सभा भरते काय याची चौकशी करावी.

५. धर्मशास्त्रीय शंका

सेवकांच्या मनांत येणारी पहिली शंका अशी की, ए.ए.च्या बारा पायऱ्यांत ख्रिस्ताचे नाव नाही. प्रत्येकाने आपल्याला समजलेल्या देवावर विसंबावे एवढेच म्हटले आहे. मग आपण आपल्या मेंढरांना तेथे कसे पाठवावे?

हा कार्यक्रम ख्रिस्ती वातावरणातच आकारास आला, हे प्रथम लक्षात घ्यावे. बिल विल्सन व डॉ. स्मिथ हे दोघेही ऑक्सफर्ड गटाच्या सभांस जात असत. अ‍ॅक्रनच्या आरंभीच्या सभासदांना डोंगरावरील प्रवचन, याकोबाचे पत्र आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय हे भाग विशेष उपयोगी वाटत, असे डॉ. स्मिथ यांनी पुढे सांगितले आहे. एडवर्ड डाउलिंग ह्या येशूसंघीय धर्मगुरूंना बारा पायऱ्यांत संत इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधनेशी साम्य दिसले. सभांत म्हटली जाणारी शांतिप्रार्थना धर्मपंडित राइनहोल्ड नीबूर यांच्या नावाशी निगडित आहे.

दुसरे असे की, ह्या पायऱ्या सुवार्ता नव्हेत आणि तसा त्यांचा दावाही नाही. आपण मद्यापुढे दुर्बल आहोत हे कबूल करणे, आपल्या आयुष्याची झडती घेणे, दोष देवापुढे व एका माणसापुढे उच्चारणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे, आणि हा मार्ग दुसऱ्या पीडिताला दाखविणे, हा त्यांचा सारांश. पश्चात्ताप, पापांगीकार, जक्कयाची परतफेड आणि साक्ष यांचे हे धडे आपल्या लोकांना शिकविण्याची आपलीच आकांक्षा असते. तेथे देवाचे नाव मोघम ठेवले असेल तर ते स्पष्ट करणे हे मंडळीचे काम आहे. सभेने ते करावे ही अपेक्षा अयोग्य होय. ज्याला डोळ्याचा विकार आहे त्याला आपण डॉक्टरकडे पाठवितो; डॉक्टर शुभवर्तमान सांगत नाही म्हणून थांबत नाही.

दुसरी शंका : मद्यासक्तीला आजार म्हटले तर पापाची जाणीव बोथट होत नाही काय? आम्हांस तसे वाटत नाही. मधुमेहाच्या रोग्याने पथ्य मोडले तर आजार हे त्याचे निमित्त होत नाही. उलट आजार आहे म्हणूनच त्याची पथ्याची जबाबदारी वाढते. स्वतःच्या बळाने मी सुटू शकत नाही, हे ए.ए.चे पहिले पाऊल आहे. कृपेच्या सिद्धान्ताला ते परके नाही.

६. घरातील इतर माणसे

मद्यासक्त सभेस जावयास तयार नसेल तर काय करावे? त्याला ओढून नेता येत नाही; पण त्याच्या पत्नीला वाट पाहावी लागत नाही. नातलगांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' हा वेगळा गट १९५१ पासून आहे; त्याची मुख्य प्रवर्तक बिल विल्सनची पत्नी लोईस होती. किशोरवयीन मुलांसाठी 'अल-अ‍ॅटीन' आहे. पतीच्या कर्जाची फेड करणे, कचेरीत खोटा निरोप पाठविणे, सणावारी त्याची अवस्था झाकणे, हे सारे प्रेमापोटी घडते. पण त्याने व्यसनाचे दिवस वाढतात, हे तेथे दुसऱ्या पत्नींकडून कळते. तिला सहनशीलतेचा उपदेश करण्यापूर्वी घरात मारहाण होत नाही ना, हे पाळकाने विचारावे. होत असल्यास तिची व मुलांची सुरक्षितता प्रथम.

७. पाळकाने करावयाच्या गोष्टी

पहिल्या दिवशी पत्ता देऊन भागत नाही. स्वतः बरोबर जावे, किंवा गटातील सभासदाशी आधी बोलून त्याला दारात उभे राहावयास सांगावे. बंद सभा असेल तर बाहेर थांबावे. त्या उंबरठ्यावरून माघारी फिरणारे पुष्कळ असतात.

मंडळीचे सभागृह गटाला द्यावे. गट अल्पसे भाडे देऊ करतो. स्वावलंबन हे त्यांचे तत्त्व असल्याने ते नाकारू नये. अध्यक्षस्थान घेऊ नये, प्रवचन करू नये, कोण येतो याची यादी ठेवू नये. गावात गटच नसेल तर केवळ दोन-तीन मद्यासक्त एकत्र आले तरी गट होऊ शकतो. राष्ट्रीय कार्यालय त्यांस साहित्य पुरविते.

प्रभुभोजनाचाही विचार व्हावा. जेथे मद्यार्क असलेला द्राक्षारस वापरला जातो तेथे एक घोटही अशा बांधवाला घसरविण्यास पुरेसा ठरू शकतो. साधा द्राक्षरस ठेवावा. कॅथलिक शिकवणीप्रमाणे केवळ भाकरीच्या रूपात घेतलेला संस्कारही परिपूर्ण असतोच. त्याने प्याला पुढे जाऊ दिला तर कोणी कुजबुजू नये.

तो पुन्हा घसरला तर? डॉ. स्मिथही घसरले होते. अशा वेळी नवी शपथ मागू नये. पुढची सभा कधी आहे, एवढे विचारावे आणि त्या दिवशी पुन्हा बरोबर जावे. मंडळीत त्याची साक्ष घाईने घेऊ नये. व्यासपीठावर उभा केलेला मनुष्य पुढे पडला तर त्याला परत येणे दुप्पट कठीण होते.

शेवटी, हा आजार पाळकाच्या झग्याला भिऊन थांबत नाही. फादर परेरा यांनी आपण स्वतः मद्यासक्त होतो हे जाहीरपणे सांगितले आहे, आणि त्यांच्या कार्याचे मूळ त्यातच आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी गुप्तपणे ह्या ओझ्याखाली असेल तर त्याने दुसऱ्या गावच्या सभेस जावे. तेथे त्याला रेव्हरंड म्हणून कोणी ओळखणार नाही. पहिले नाव पुरेल. त्याच्या वरिष्ठांनीही बदली अथवा मौन हा उपाय न मानता त्याला उपचारासाठी रजा व सोबत द्यावी.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमच्या पक्षघाती मनुष्याची हकीकत आहे. त्याला चौघांनी उचलून आणले. त्या चौघांची नावे शास्त्राने दिलेली नाहीत, आणि बरे करणे हे त्यांच्या हाती नव्हते. दार गर्दीने अडले तेव्हा त्यांनी छप्पर उकलले, एवढीच त्यांची कामगिरी. तरी प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला. आपल्या मंडळीतील मद्यासक्त बांधवाच्या बाजेचा एक कोपरा आपण धरावा. येत्या आठवड्यात आपल्या गावी किंवा जवळच्या शहरी सभा कोठे व कोणत्या वारी भरते याची चौकशी करून ती नोंद आपल्या दैनंदिनीत करून ठेवावी, अशी आमची सर्व सेवकबंधूंस व भगिनींस नम्र विनंती आहे. रात्री कोणी दार ठोठावील तेव्हा ती हाताशी असली पाहिजे.